स्वस्त व्हाइस: सफाई वाढवा, जोर नको

हार्डवेअरच्या दुकानात चार इंची बेंच व्हाइस मागितला की दुकानदार दोन पुढ्यात ठेवतो. दोन्हींचा रंग सारखाच निळा, जबड्याची रुंदी दोन्हींची १०० मिलिमीटर. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. शेतीपंप दुरुस्त करून पोट भरणारा माणूस यातला कोणता उचलतो, हे वेगळं सांगायला नको. माझ्या टेबलावर स्वस्तातलाच व्हाइस आहे आणि तो वर्षानुवर्षं नीट काम देतो आहे. त्याच्या आधी तशाच बनावटीचा एक होता. तो फुटला, आणि फुटला तो भरपूर सुधारणा करून झाल्यावर. एक टिकला आणि एक फुटला यामागचं कारण कळलं, तर स्वस्त व्हाइसवर कुठे मेहनत घ्यावी आणि कुठे हात आवरावा हेही कळतं.

दोन ठिकाणची बचत

कारखानदार किंमत खाली आणतो ती दोन ठिकाणी हात आखडता घेऊन. पहिलं ठिकाण ओतकामानंतरचं. चांगल्या व्हाइसमध्ये पुढच्या जबड्याचा आडवा दांडा मशीनवर चारी बाजूंनी सपाट केलेला असतो. तो ज्या घरात सरकतो ते घर त्याच्या मापाचं असतं. जबड्यांवरच्या पोलादी पाट्यांमागची जागा मिलिंग केलेली असते आणि बुडाचे कान एका पातळीत असतात. स्वस्तात यातलं जेमतेम निम्मं होतं. साच्यातून निघालेली ओतीव कातडी तशीच ठेवायची, वरवर ग्राइंडर फिरवायचा, खड्ड्यांत पुट्टी भरायची आणि जाड रंग मारून मोकळं व्हायचं.

दुसरी बचत धातूत. स्वस्त व्हाइस साध्या बिडाचा असतो. बिडात कार्बन हा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. बीड दाबलं तर हे पापुद्रे फारसं काही बिघडवत नाहीत, पण ताणलं तर प्रत्येक पापुद्रा म्हणजे तयार भेगच. आयएस २१० या भारतीय मानकात बिडाच्या प्रतींना एफजी १५०, एफजी २०० अशी नावं आहेत. त्यातला आकडा ताणातली किमान ताकद सांगतो. एफजी २०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन. दाबात हेच बीड त्याच्या तिप्पट-चौपट सोसतं. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम मिसळून पाहिलं, तेव्हा ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी बारीक गोळ्यांच्या रूपात बसलं. फाउंड्रीत ज्याला एसजी म्हणतात ते हेच. एसजीचा जबडा तुटण्याआधी वाकून इशारा देतो. साधं बीड इशारा देत नाही, एकदम तुटतं.

पहिली बचत आपण कानस आणि चार निवांत संध्याकाळी खर्चून घरी भरून काढू शकतो. दुसरी भरून काढता येत नाही; ओतून झालेल्या बिडाचं एसजी होत नाही. म्हणून स्वस्त व्हाइस सुधारायला बसणाऱ्याने त्याची सफाई वाढवावी, त्याचा जोर वाढवायच्या फंदात पडू नये. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका वाक्याभोवती आहे.

फुटला कसा

आधीचा व्हाइस फिरायला जड होता. आवळताना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात करकर आवाज यायचा. स्पिंडलची कॉलर पुढच्या जबड्याच्या तोंडावर जिथे टेकते, तिथला पृष्ठभाग ओबडधोबड होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मामांकडे मी पंपाचे शाफ्ट टर्न करून घेतो, त्यांना तो दाखवला.

“बेअरिंग टाकूया की मध्ये,” ते म्हणाले. “एका बोटानं फिरंल बघा.”

त्यांनी जबडा फेसप्लेटवर बांधून तोंड साफ केलं आणि ५११०४ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग बसवलं. आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी १०. मूळचं हँडल मऊ लोखंडाचं होतं आणि सारखं वाकायचं. त्याच्या जागी ईएन ८ ची थोडी लांब सळई आली. काम देखणं झालं होतं. व्हाइस खरोखर एका बोटानं फिरायचा आणि येणारा-जाणारा हँडल फिरवून बघायचा.

पुढे एका पंपाच्या शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवायचं होतं. दुकानातल्या पोरानं शाफ्ट जबड्यात आडवा धरला, बेअरिंगमागे पाइपचा तुकडा लावला आणि हँडल आवळत नेलं. कुठल्याही पंपाच्या दुकानात असंच करतात. टण्‌ असा आवाज झाला आणि पुढच्या जबड्याचं डोकं मानेतून तुटून खाली आलं. पोराच्या पायात चपला होत्या. तुकडा पावलापासून वीतभर अंतरावर पडला म्हणून निभावलं.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला असलेल्या ओळखीच्या माणसाला तो तुकडा दाखवला. त्यानं तो उन्हात तिरपा धरला. तुटलेला भाग ताजा, राखाडी, बारीक चमचमणारा होता. जबड्याच्या आतल्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र नखाएवढा पट्टा काळपट तांबूस दिसत होता. “ही भेग आजची न्हाई,” तो म्हणाला. “गंज आत गेलाय बघा.” त्या पट्ट्याला लागून तीन-चार मिलिमीटरची पोकळी होती. खिळ्याच्या टोकानं कोरल्यावर तिच्यातून साच्याची काळी वाळू पडली. वर रंग आणि पुट्टी असल्यामुळे बाहेरून यातलं काही दिसण्याची सोय नव्हती.

मग कागदावर ढोबळ हिशोब मांडला. २० मिलिमीटरचा स्पिंडल, आट्यांचा पिच ५ मिलिमीटर, हँडलची भुजा २० सेंटिमीटर, हाताचा जोर १५ किलो. घर्षण अजिबात नसतं तर जबड्यात पावणेचार टनांचा दाब आला असता. प्रत्यक्षात येतो पाऊण टनाच्या आसपास. हातानं लावलेल्या जोरापैकी जवळपास निम्मा एकट्या कॉलरच्या घासण्यात जातो आणि उरलेल्यातला बराचसा आट्यांच्या. थ्रस्ट बेअरिंगनं कॉलरचं घासणं जवळजवळ संपवलं, म्हणजे त्याच हाताच्या जोरात जबड्यातला दाब चौदाशे किलोंकडे गेला. लांब हँडलनं त्यात आणखी भर घातली. हा सगळा दाब जबड्याला बाहेर ढकलतो आणि त्याच्या मानेची आतली बाजू ताणतो. बीड जिथे कमजोर, सगळा भार नेमका तिथे.

मऊ हँडल वाकत होतं ते व्हाइसच्या भल्यासाठीच. ते घरातल्या फ्यूजसारखं काम करत होतं: जोर प्रमाणाबाहेर गेला की आधी ते वाकायचं आणि जबडा वाचायचा. कडक सळई बसवल्यावर वाकायला काही उरलं नाही, मग जबडाच गेला.

बेअरिंगचा आणखी एक तोटा नंतर लक्षात आला. व्हाइस आवळलेला राहतो तो घर्षणामुळेच. कॉलरचं घर्षण काढून टाकलं आणि आट्यांना भरपूर ग्रीस लावलं, की छिन्नीच्या घावांनी बसणाऱ्या हादऱ्यात स्पिंडल हळूहळू उलटा सरकू शकतो. जड, एसजीच्या व्हाइसला बेअरिंग शोभतं. साध्या बिडाच्या चार इंचीला ते घालू नये.

दुकानातली पाच मिनिटं

धातू बदलता येत नाही, तेव्हा तो निवडताना तरी डोळे उघडे हवेत. मी खिशात छोटं लोहचुंबक घेऊन जातो. जबड्याच्या मानेवर, आडव्या दांड्यावर आणि बुडाच्या कानांवर ते फिरवतो. चुंबक जिथे ढिलं पडतं तिथे रंगाखाली पुट्टीचा थर जाड आहे असं समजावं. कानावर पुट्टी असेल तर एक वेळ चालेल. मानेत असेल तर तो नग परत द्यावा.

मग पुढचा जबडा स्पिंडलसकट बाहेर काढायला सांगतो. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. जबडा दोरीला टांगून पान्यानं हलकेच वाजवला की धड बीड थोडा वेळ नाद धरतं आणि भेगाळलेलं बद्द वाजतं. घराच्या आत बोट फिरवून पोकळ्या चाचपायच्या. नट वेगळा बसवलेला आहे की अंगातच ओतलेला आहे तेही बघायचं. वेगळा असेल तर झिजल्यावर बदलता येतो. स्पिंडल फिरवून पाहताना त्याचं टोक गोल-गोल भोवंडत असेल तर तो वाकडा आहे.

जबड्यांवरच्या पाट्या कडक केलेल्या आहेत का हे पाटीच्या कोपऱ्यावर जुनी कानस एकदा घासून कळतं. कानस घसरली तर पाटी कडक, चावली तर मऊ. मऊ पाटीसाठी नग नाकारू नये, कारण पाट्या बदलता येतात. बेंच व्हाइससाठी आयएस २५८६ हे मानक आहे. ते छापलेला आणि आयएसआय शिक्का असलेला नग थोडा महाग पडतो, पण धातूची थोडीफार हमी मिळते. आणि फिरत्या बुडाचा व्हाइस स्वस्तात घेऊ नये. त्याचे दोन आवळबोल्ट हातोड्याच्या घावांपुढे टिकत नाहीत.

आधी धुलाई, मग बैठक

घरी आणल्यावर सगळा खोलावा. स्पिंडल, स्प्रिंग, वॉशर, स्प्लिट पिन, नट, सगळं वेगळं करून डिझेलमध्ये बुडवावं. तळाशी काय बसतं ते पाहण्यासारखं असतं: मशीनिंगचा कीस, साच्याची वाळू, वाळलेल्या रंगाच्या खपल्या. हेच सगळं आटे खातं. स्पिंडलचे आटे तारेच्या ब्रशनं घासावेत, त्यांच्या धारेवरची बुरं तिकोनी कानशीनं मोडावीत. दांडा आणि घर जिथे एकमेकांवर सरकतात तिथला रंग पूर्ण खरवडून काढावा. एवढ्यानेच बरेच व्हाइस हलके फिरू लागतात.

पुढचं काम बैठकीचं. व्हाइस सपाट पाटीवर ठेवून एकेका कानावर बोट दाबावं. बहुतेक वेळा तो डुगडुगतो. डुगडुगणारा व्हाइस तसाच टेबलाला आवळला तर अधांतरी कान खाली ओढला जातो, बीड ताणात येतं आणि कान तडकतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या व्हाइसमध्ये सगळ्यात जास्त कानच तुटलेले असतात. पाटीला काजळी आणि तेलाचा पातळ हात लावून व्हाइस त्यावर घासावा. काळे डाग उठतील ते उंचवटे. ते कानशीनं उतरवावेत. ओतीव कातडी कडक असते आणि तिच्यात वाळू असते. नवी कानस तिच्यावर चालवली तर तासाभरात बोथट होईल. कातडी निघेपर्यंत जुनी कानस किंवा ग्राइंडर वापरावा, मग नवी हातात घ्यावी. बिडाला तेल लावायची गरज नाही, त्याच्यातलं ग्राफाइटच वंगण असतं. काळी भुकटी मात्र नाकात जाते, तेव्हा तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवा. उरलेली फट शिमच्या पत्र्यानं भरावी.

व्हाइस टेबलाच्या पायाच्या वर बसवावा, फळीच्या मध्यावर बसवू नये. मागचा, म्हणजे स्थिर जबडा टेबलाच्या कडेपेक्षा किंचित पुढे यायला हवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरली तर ती फळीला न अडता खाली लोंबते. लाकडी स्क्रू चालत नाहीत. कानाच्या भोकात बसेल तो सर्वांत जाड बोल्ट आरपार घालावा आणि फळीखाली लोखंडी पट्टी द्यावी. उंचीचा नियम आयटीआयत पहिल्या आठवड्यात शिकवतात: सरळ उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपर जबड्यांच्या माथ्याशी यायला हवं. उंच बसलेल्या व्हाइसवर कानस मारताना खांदे भरतात, बुटक्यावर कंबर.

जबडा का कलतो

स्वस्त व्हाइसचं खरं दुखणं इथे आहे. स्पिंडल खाली आणि पकडलेली वस्तू वर, त्यामुळे आवळलं की पुढच्या जबड्याचं डोकं बाहेर कलतं. दांडा घरात सैल असेल तर कलणं वाढतं. घर १०० मिलिमीटर लांब आणि त्यात अर्धा मिलिमीटर फट असेल, तर स्पिंडलच्या ६० मिलिमीटर वर जबड्याचा माथा ०.३ मिलिमीटर मागे जातो. वस्तू जबड्याच्या फक्त तळाशी धरली जाते आणि कानस लागली की डुलते. मग माणूस आणखी आवळतो. जोराचा मोह सुरू होतो तो इथून, म्हणून ही फट भरणं ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सुधारणा आहे.

तपासायला वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या पुरतात. दोन वरच्या कोपऱ्यांत, दोन खालच्या कोपऱ्यांत लावून हलकेच आवळायचं आणि एकेक ओढून पाहायचं. खालच्या घट्ट आणि वरच्या सुटून आल्या तर जबडा कलतो आहे. डावीकडच्या घट्ट आणि उजवीकडच्या सैल असतील तर पाट्यांची बैठक वाकडी आहे.

फट कुठे भरायची याचा नीट विचार करावा. जबडा कलताना दांडा घराच्या तोंडाशी तळाला टेकतो आणि त्याचं मागचं टोक वर उचललं जातं. म्हणून पितळी पत्र्याची पट्टी तोंडाशी खालच्या बाजूला हवी आणि मागच्या टोकाशी वरच्या बाजूला. सगळीकडे पत्रा कोंबला तर व्हाइस अडकतो. पत्र्याचं एक टोक घराबाहेर वाकवून छोट्या स्क्रूनं धरावं. नुसत्या अ‍ॅरल्डाइटवर विसंबलं तर काही दिवसांनी पत्रा दांड्याबरोबर बाहेर येतो. पत्रा पातळ घेऊन सुरुवात करावी आणि दांडा पूर्ण लांबीभर हातानं सरकतो आहे ना हे पाहत जावं.

नंतर पाट्या काढाव्यात. त्यांच्यामागे रंगाचे थेंब आणि ओतकामाचे उंचवटे असतात, त्यामुळे पाटी मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना अधांतरी राहते. कडक पाटी अशी बसली की एखाद्या घावानं तडकते. काजळी लावून बैठक कानशीनं सपाट करावी, आणि करताना माथ्याकडून अगदी किंचित कमी घासावी, म्हणजे पाट्यांचे माथे आधी भेटतात आणि आवळल्यावर पूर्ण पाटी टेकते. पाटीमागे वरच्या बाजूला शिम घालूनही हे साधतं, पण त्यानं पाटीचा खालचा भाग पोकळीवर राहतो. कानशीचा मार्ग लांबचा असला तरी तोच बरा. पाट्यांचे मूळचे स्क्रू बहुधा मऊ असतात आणि त्यांच्या खाचा पहिल्यांदा काढतानाच मोडतात. त्याच आट्यांचे काउंटरसंक अ‍ॅलन स्क्रू घ्यावेत.

वस्तू जबड्याच्या एकाच टोकाला धरावी लागली तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचं काहीतरी घालावं, नाहीतर जबडा आडवा पिळवटतो. माझ्या खणात त्यासाठी पत्त्यांचा जुना कॅट आहे. पाहिजे तेवढी पानं मोजून घातली की हवी ती जाडी मिळते.

कॉलर, हँडल आणि ग्रीस

कॉलरचं करकरणं घालवायला बेअरिंग लागत नाही. जबड्याचं तोंड जिथे कॉलर टेकते तिथे सपाट करावं आणि मध्ये गनमेटलचं वॉशर घालावं. पंपाच्या जुन्या बुशातून लेथवाला ते सहज कापून देतो. दोन-तीन मिलिमीटर जाडी पुरते. मात्र स्पिंडलच्या मागच्या टोकाला स्प्लिट पिनचं भोक असेल तर तेवढी जागा उरते का हे आधी मोजावं. घर्षण कमी होतं, पण संपत नाही. आवळलेला व्हाइस जागच्या जागी राहतो आणि दाब अचानक दुप्पट होत नाही. स्प्रिंग गहाळ असेल तर नवी घालावी. सैल करताना जबडा स्पिंडलबरोबर लगेच मागे येतो तो तिच्यामुळे.

हँडल मऊच ठेवावं. वाकलं तर सरळ करावं, किंवा त्याच जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलच्या सळईचं नवं करावं. लांबी वाढवू नये आणि पाइप तर कधीच घालू नये. दोन्ही टोकांच्या गोळ्यांची बुरं घासून टाकावीत आणि आतल्या बाजूला रबरी ओ-रिंग चढवावी. हँडल खाली घसरून अंगठ्याजवळची कातडी चिमटण्याचा प्रकार त्यानं थांबतो.

ग्रीस आट्यांना आणि नटात लावावं. आडव्या दांड्यावर लावू नये, तिथे ते लोखंडाचा कीस धरून ठेवतं आणि घर घासत राहतं. दांड्याला पातळ तेलाचं फडकं फिरवलेलं पुरे, किंवा मेणबत्ती घासावी.

मऊ जबडे

पकड घट्ट व्हावी म्हणून पाट्यांवर दातेरी खाचा असतात. त्या पितळ, गनमेटल, टर्न केलेला शाफ्ट, सगळ्यावर उमटतात. स्लायडिंग खिडक्यांचं काम करणाऱ्याकडे अ‍ॅल्युमिनियम अँगलचे तुकडे भंगारात पडलेले असतात. जबड्याच्या रुंदीचे दोन कापून घ्यावेत आणि पाट्यांवर टोपीसारखे बसवावेत. मागे छोटं चुंबक चिकटवलं की उघडताना पडत नाहीत. लाकूड आणि प्लॅस्टिकसाठी चामड्याचे तुकडे चांगले.

तांब्याची पट्टी सगळ्यात छान धरते, पण वापरता वापरता कडक होते. ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ पडते. पुण्याच्या तांबट आळीत हंडे ठोकणारे कारागीर ठोके आणि भट्टी आलटून पालटून चालवतात ते यासाठीच. गोल सळईसाठी एका मऊ जबड्यात तिकोनी कानशीनं उभी आणि आडवी व्ही-खाच घालून ठेवावी. सळई तीन रेषांवर टेकते आणि निम्म्या जोरात हलेनाशी होते. जबडा न कलणं, मऊ टोपी, व्ही-खाच या सगळ्यांचा फायदा एकच: कमी आवळून जास्त पकड मिळते, आणि साध्या बिडाला तेच मानवतं.

कुठे थांबावं

काही कामं या व्हाइसला द्यायचीच नाहीत. बेअरिंग दाबून बसवणं आणि काढणं हे पुलरचं किंवा प्रेसचं काम आहे. लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, तो दोन मिनिटांत करून देतो. जाड पट्टी हातोड्यानं वाकवायची असेल तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेनं पडू द्यावा. पुढच्या जबड्याच्या दिशेनं पडला तर तो सगळा आट्यांवर आणि मानेवर जातो. आडव्या दांड्यावर ठोकू नये. मागे सपाट ऐरणीसारखी जागा असली तरी स्वस्त व्हाइसमध्ये ती बारीकसारीक ठोकाठोकीपुरतीच.

खर्चालाही मर्यादा हवी. दुरुस्तीचं सामान आणि लेथवाल्याची मजुरी मिळून व्हाइसच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ लागली तर थांबावं आणि तेच पैसे एसजीच्या व्हाइससाठी बाजूला टाकावेत. बंद पडलेल्या वर्कशॉपचा जुना, जड व्हाइस जुन्या बाजारात मिळाला तर तोही बघावा. त्याचे आटे झिजलेले असले तरी नट बदलता येतो आणि अंग बहुधा धड असतं. मानेतून तुटलेला बिडाचा जबडा मात्र वेल्डिंग करून पुन्हा कामाला लावू नये. निकेल रॉडनं, आधी तापवून आणि सावकाश थंड करून बिडाचा जोड लागतो, पण मानेवर तो किती सोसेल हे बाहेरून कुणीच सांगू शकत नाही.

टेबलावरच्या व्हाइसची मान अधूनमधून तपासत जावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. मानेच्या आतल्या कोपऱ्यातला रंग आधी खरवडून टाकावा आणि पुन्हा लावू नये. तिथे डिझेल किंवा रॉकेल फासून दहा मिनिटं मुरू द्यावं, मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून वर खडूची भुकटी चोळावी. भेग असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळी रेघ उमटते. कोरडं पांढरं राहिलं तर निर्धास्त कामाला लागावं. रेघ दिसली तर अर्धं काम हातात असलं तरी व्हाइस त्याच वेळी टेबलावरून उतरवावा आणि भंगारात द्यावा.